कानावर घातलेली नोटीस

दादाला नोटीस द्यायची नव्हती. द्यायला हवी हे त्याला पटलं होतं. वकीलबाईंनी फोनवर दोनदा समजावून सांगितलं होतं, मजकूर तयार होता, सही झाली होती, पाकीट बंद होतं. तरी तो ते पाकीट असं धरून बसला होता, जणू आपण कुणाच्या खिडकीवर दगड मारायला निघालोय.

"पोस्टात टाकायच्या आधी एकदा बॉसच्या कानावर घालतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आपल्या घरी पानावर बसून जेवलेला माणूस आहे तो."

२०२१चा जानेवारी होता. आम्ही आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये होतो, दादाच्या भाड्याच्या घरात. मी तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आले होते, पण वर्ग लॅपटॉपवर गेले होते. आई सहा महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. वहिनी डॉक्टर. ती डब्लिनमधल्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलच्या बाजूला खोली घेऊन एकटी राहत होती, कारण तिची ड्यूटी कोविड वॉर्डात होती आणि आईच्या फुप्फुसांचे हाल आम्हा सगळ्यांना माहीत होते. म्हणजे दोन घरांची भाडी, वर दादाच्या वर्कशॉपचं तिसरं.

दादा पुण्यात इंटिरिअरची कामं घ्यायचा. वहिनीच्या मागोमाग इथे आला तेव्हा कुणी त्याला दारात उभं करेना. इथला अनुभव काय, असं विचारायचे. ज्या एका माणसाने विचारलं नाही तो हा बॉस. घरं बांधणारा ठेकेदार, साठीच्या पुढचा, लाल तोंडाचा, दादाच्या पाठीवर थाप मारून बोलणारा. पहिल्या वर्षी त्याने दादाला स्वतःची जुनी व्हॅन वापरायला दिली होती. दादाने नागरिकत्व मिळाल्यावर स्वतःचा धंदा काढला, तेव्हा पहिली ऑर्डरही त्याचीच. नव्या वसाहतीतल्या घरांची सगळी किचन्स: ओटे, सिंकची बैठक, आणि प्रेस. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ज्या घरात प्रेस म्हणजे पत्रकं छापायची जागा, त्या घरात वाढलेल्या मला त्याची सवय व्हायला वर्ष लागलं.

गणपतीत बॉस आमच्याकडे आला होता. आईने केलेले मोदक त्याने हाताने खाल्ले, आणखी मागितले, आणि आईला 'मॅमी' म्हणाला. त्याच माणसाने आता दिवाळीपासूनचे पैसे थकवले होते. प्लायवुड, बिजागऱ्या, ओट्याच्या फळ्या, सगळं दादाने उधारीवर उचललेलं. तो उधारीवाला आता रोज फोन करायचा. वर्कशॉपचा मालक फोन करत नसे, तो दारात येऊन उभा राहायचा.

अमेरिकेतल्या मावसभावाने सांगितलं की तिकडे सोपं आहे. आधी एक सूचना धाडायची, आणि पैसे नाही आले तर त्या घरावरच बोजा चढवायचा. शेतीच्या उताऱ्यावर चढतो तसा. मग घर विकता येत नाही. मी वकीलबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, इथे असा बोजा नसतो. घर विकलं गेलं की तुमचा त्याच्याशी संबंध संपला. इथे तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: अर्धवट राहिलेलं काम. कायदा म्हणतो, ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर तुम्ही काम थांबवू शकता. पण आधी लेखी सूचना द्यायची, कारण लिहायचं, आणि किमान सात दिवस वाट बघायची. सूचना न देता निघून गेलात तर करार तुम्ही मोडला असं होतं. आणि घरं पूर्ण करून दिलीत, तर थांबवायला काही उरत नाही.

शेवटची दोन घरं उरली होती. नव्या टाळेबंदीत बांधकामं बंद झाली होती, पण जानेवारीअखेर पुरी होऊ शकतील अशा घरांना सूट होती. बॉसला घाई होती. म्हणजे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दादाच्या हातात काहीतरी होतं.

नोटिशीचा पहिला मसुदा मी लिहिला. दादाने वाचला आणि स्वयंपाकघरातून ओरडला, "आई, ही बघ पुढारीणबाई! शेवटी झिंदाबाद तेवढं राहिलंय!"

"त्यात खोटं काय आहे?" मी म्हणाले.

"खोटं नाही गं. पण 'आमच्या घामावर उभ्या राहिलेल्या भिंती' हे युअर मॅनला, बॉसला, कसं कळणार? त्याला वाटेल ओल आली भिंतींना."

वकीलबाईंनीही तेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. विशेषणं काढा. कुठलं काम, कुठल्या करारातलं, किती रक्कम, कधी द्यायची होती, आणि कधीपासून थांबणार. बास. मी विशेषणं काढली. काढताना प्रत्येक शब्दाला राग येत होता. आमच्या बाबांचं आयुष्य इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि त्या यंत्रमागांच्या मालकांविरुद्ध पत्रकं काढण्यात गेलं. मी लिहायला शिकायच्या आधी पत्रकाला तीन घड्या घालायला शिकले. आमच्याकडे नोटीस म्हणजे चौकात चिकटवायची गोष्ट. आणि इथे एक कोरडं पान, एका माणसाला, रजिस्टर पोस्टाने. पण ते पान वाचल्यावर मला कळलं की विशेषणांशिवाय ते जास्त धारदार झालंय. मला ते आवडलं. मला वाटलं, आता सुटलो.

दादाने बॉसला फोन बाहेर जाऊन केला, व्हॅनमध्ये बसून. मी खिडकीतून बघत होते. तो आधी हसला, मग बराच वेळ ऐकत राहिला, मग मान हलवायला लागला. फोनवर मान हलवणाऱ्या माणसाने हार मानलेली असते.

आत आला तेव्हा पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात होतं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, यू आर ग्रँड, काळजी नको. कागद पाठवू नकोस. कागद गेला की बँकवाले बिथरतात, मग कुणालाच काही मिळायचं नाही. दोन घरं पुरी कर, ती विकली की सगळ्यात आधी तुझे."

"आणि तू हो म्हणालास."

"मी म्हणालो, ठीक आहे, तुमच्यावर विश्वास आहे."

"दादा, घरं पुरी झाल्यावर नोटीस कशाची देणार? काम थांबवणार म्हणून? कुठलं काम?"

"ओरडू नकोस. आईला त्रास होतो."

आई आतून म्हणाली, "मला काय बी होत न्हाई. भांडा."

मग मी भांडलेच. चांगुलपणा हा पगार नाही, असं म्हणाले. व्हॅन वापरायला देणारा मालक तुझ्याकडून वर्षभर स्वस्तात राबवून घेतो, त्याला उपकार म्हणू नको, असं म्हणाले. आणि शेवटी जे म्हणायचं नव्हतं ते म्हणाले. "बाबांनी असा फोन केला असता का?"

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. तो एरवी माझ्या भाषणांना हसतो. तेव्हा हसला नाही.

"बाबा फोन नाही करायचे," तो म्हणाला. "स्वतः जायचे. पत्रक निघायच्या आदल्या दिवशी मालकाच्या ऑफिसात. मला घेऊन. मी खुर्चीवर बसायचो, मला बिस्किट मिळायचं. बाबा सांगायचे, शेठ, उद्या तुमच्याविरुद्ध पत्रक निघतंय, तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो. शेठ चहा सांगायचा. दोघं चहा प्यायचे. तुला हे माहीत नाही, कारण तू घरी घड्या घालत बसायचीस."

खरंच माहीत नव्हतं. मी आईकडे बघितलं. ती दारात येऊन उभी होती, हातात लसणाची ताटली.

"व्हय," ती म्हणाली. "जायचंच ते. म्हनायचे, भांडण तोंडावर करावं, पाठीमागनं वार न्हाई. शेठ पन तसलाच, च्या पाजायचा न् म्हनायचा, आवो राहू द्या की, पुढच्या म्हैन्यात बघू."

"मग?" दादा म्हणाला. "तेच तर केलं मी."

"आरं पर च्या पिऊन तिथनं थेट छापखान्यात जायचे ते. सांगून यायचं म्हंजे थांबायचं न्हवं." ती ताटली घेऊन आत गेली. जाता जाता म्हणाली, "तू बिस्किट खाऊन घरी यायचास. म्होरलं तू कुठं बघितलंस?"

मला एवढंच कळलं की बाबांची एक बाजू मला मिळाली होती आणि दुसरी त्याला, आणि अख्खा माणूस आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

संध्याकाळी वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. मास्कचे वळ गालांवर, डोळे आत गेलेले. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अरे, पाठव ना. इट्स जस्ट प्रोसिजर. आमच्याकडे पेशंट गंभीर आहे हे नातेवाइकांना सांगतो तेव्हा काय त्यांच्याशी भांडतो का? सांगायचं असतं म्हणून सांगतो."

"बघतो," दादा म्हणाला.

त्याने बघितलं नाही. पाकीट जॅकेटमध्ये राहिलं आणि ते जॅकेट घालून तो रोज साइटवर गेला. मी रोज विचारायचे, तो म्हणायचा, "उद्या." ती सात दिवसांची मुदत अजूनही बसत होती, मग जेमतेम बसत होती, मग बसेनाशी झाली. मला तो क्षण कळला. डाळ शिजत होती, कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या डोक्यात हिशेब संपला. आता नोटीस दिली तरी ती लागू व्हायच्या आत घरं पुरी होणार होती.

शेवटच्या दिवशी मी त्याच्यासोबत गेले. तशी मी अधूनमधून जायचेच, मदतनीस ठेवणं परवडत नव्हतं. साइटवर सगळा चिखल, आणि चिखलाच्या मधोमध ती पांढरी घरं, दारांवरचं प्लास्टिकही न काढलेली. दादा कामात सुरेख आहे. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. त्याने लावलेल्या दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी असते. पैसे मिळणार नाहीत हे आतून कळलेलं असतानाही त्या दिवशी ती फट तशीच एकसारखी होती, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

बॉस येऊन गेला. कागदी कपांतून चहा घेऊन आला होता, माझ्यासाठीही. दुरून, मास्क हनुवटीवर ओढून विचारलं, "मॅमी कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणाले. "पैसे कधी देताय?"

तो दादाकडे बघून हसला. "तुझी बहीण तुझ्यासारखी नाही रे."

"नाही," दादा म्हणाला. "ती वडिलांवर गेलीय."

"मग तू कुणावर?"

"मीही वडिलांवरच," दादा म्हणाला आणि पुन्हा ड्रिल सुरू केलं.

बॉसने एका दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. "फेअर प्ले टु यू," म्हणजे शाब्बास, असं म्हणाला, आणि मला वाटतं मनापासून म्हणाला. त्याचा चेहरा मी नीट बघितला. हिवाळ्यात तो खूप खंगला होता. बुडणारा माणूस होता तो, हे मला तेव्हा दिसलं. पण बुडणारा माणूस दुसऱ्याचा गळा धरतो तेव्हा गळा दुसऱ्याचाच असतो.

तो गेल्यावर फक्त हँडलं बसवायची राहिली. हँडलं नसलेलं किचन पुरं धरत नाहीत. हँडलांची पिशवी माझ्याजवळ होती. मी ती उचलली, चिखलातून व्हॅनकडे गेले, आत बसले आणि दार आतून लॉक केलं.

थोड्या वेळाने दादा बाहेर आला. काचेवर टकटक केलं.

"हँडलं दे."

"संप आहे."

"वेडेपणा करू नकोस. दे."

"पैसे आल्यावर देईन."

तो पावसात उभा राहिला. मला वाटलं चिडेल. तो काचेला कपाळ टेकवून म्हणाला, इतक्या हळू की काचेआडून ओठच वाचावे लागले: "नोटीस दिली नाही आपण. न देता थांबलो तर करार आपण मोडला. मग तो पैसे देणार नाहीच, वर नुकसानभरपाई मागेल. तूच वाचून दाखवलंस मला."

मीच वाचून दाखवलं होतं. मांडीवर पिशवी होती, आत चकचकीत स्टीलची हँडलं, गार. माझ्याकडे सगळं होतं. न्याय होता, राग होता, हँडलंही होती. नव्हता तो एक कोरडा कागद, वेळेवर दिलेला. तो कागद त्याच्या छातीशी जॅकेटमध्ये भिजत होता. मी आयुष्यात इतकी असहाय कधीच झाले नव्हते. ओरडायला चौक नव्हता, आणि असता तरी त्या चौकात टाळेबंदी होती.

मी दार उघडलं. पिशवी दिली. मग आत जाऊन एकेक हँडल त्याच्या हातात देत गेले, आणि त्याने ती सगळी बसवली.

घरं विकली गेली. फेब्रुवारीत बॉस म्हणाला, बँक पैसे सोडत नाही. मार्चमध्ये तो फोन उचलेना. मग आम्ही रीतसर मागणी पाठवली, वकीलबाईंनी पाठवली, लवादापुढे जायची तयारी केली, आणि त्याच सुमारास पत्र आलं की कंपनी गुंडाळली जात आहे आणि घेणेकऱ्यांची बैठक ऑनलाइन होईल. रांग अशी होती: आधी बँक, मग सरकार, मग राहिलंच काही तर आमच्यासारखे. वकीलबाई म्हणाल्या, काही राहील असं धरून चालू नका. दादाने वर्कशॉप सोडलं. मोठी करवत विकली, तिचा उधारीवाल्याला हप्ता दिला. आईच्या समोर त्याने ते सगळं हसत केलं. तिच्या पाठीमागे मी त्याला न्हाणीघरात नळ सोडून रडताना ऐकलंय.

बैठकीच्या दिवशी दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मी शेजारी, आई मागे खुर्ची ओढून. पडद्यावर चौकोन चौकोन. अनोळखी चेहरे, कुणी रंगारी, कुणी वायरिंगवाला, सगळे आपापल्या घरात, सगळ्यांची तोंडं सारखीच उतरलेली. आणि मधल्या चौकोनात बॉस, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसलेला.

ते स्वयंपाकघर दादाने केलं होतं. पहिल्या वर्षी, व्हॅनच्या बदल्यात, मजुरी न घेता. बॉसच्या डोक्यामागे त्या हिरव्या प्रेसांची दारं दिसत होती.

"माजलाय मेला," आई म्हणाली. मग जरा थांबून, "लई वाळलाय पर."

बैठक चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला काही नोंदवायचं आहे का. मी दादाला कोपर मारलं. मी रात्रभर त्याच्यासाठी एक भाषण लिहिलं होतं, त्यात घाम होता, भिंती होत्या, सगळं होतं. ते त्याच्यासमोर ठेवलेलं होतं. त्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने माइक सुरू केला.

"हाउ आर यू, बॉस," तो म्हणाला.

बॉसने मान वर केली. "नॉट टू बॅड," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

मग दादाने सांगितलं. कुठली घरं, कुठलं काम, कुठल्या महिन्याचे पैसे, ते कधी द्यायचे होते, आणि आकडा, सेंटसकट. एकही विशेषण नाही. त्या पाकिटातला मजकूर त्याला शब्दन् शब्द पाठ होता. इतके दिवस तो ते पाकीट छातीशी घेऊन नुसता फिरला नव्हता, फोडून वाचतही होता.

"नोंद घेतली," बाई म्हणाल्या आणि पुढच्या चौकोनाकडे वळल्या.

दादाने माइक बंद केला. मी रडत होते, रागानेच. त्याने पडद्याकडे बोट दाखवलं, बॉसच्या डोक्यामागे, डाव्या बाजूला.

"ते बघ," तो म्हणाला. "ते दार उतरलंय. वरची बिजागरी सैल झालीय. दोन मिनिटांचं काम आहे."

"दादा, तू जाणार नाहीस."

तो बैठक संपेपर्यंत त्या दाराकडेच बघत राहिला.